टोपलीतला पाला

चंद्रपूर
९ जानेवारी २०२३

आदरणीय मुखरूकाका,

सलाम. तुमचा सिंदेवाहीचा पत्ता अम्मीनं दिला आणि वर बजावलं, "फोन नको करू, त्याहिले ऐकू येत नाई. दोघंही बोंबलत बसाल." म्हणून पत्र लिहायला घेतलं. शाळेत निबंधाला तुम्ही मला दहापैकी चार द्यायचे, तेव्हा चुका पोटात घाला.

मी इथल्या एका कॉलेजात अभ्यासगटात काम करते. कोरोनात कोणत्या कामातली माणसं किती गेली, याचा एका तालुक्यापुरता तक्ता आम्ही करतोय. एसटीचे चालक-वाहक, दुकानदार, पोलीस, दवाखान्यातले, शेतमजूर आणि शाळेतले, अशा सहा ओळी. कच्चा तक्ता तयार झाला. शाळेतल्यांची ओळ सगळ्यात खाली आली. आमचे सर तक्ता बघून म्हणाले, "बरोबर आहे. शाळा बंद होत्या, मास्तर लोक घरी बसले होते, म्हणून वाचले."

काका, अब्बा तुमच्या जुन्या शाळेत बावीस वर्षं शिपाई होते आणि शेवटचे वीस दिवस नाक्यावर उन्हात उभं राहून गाड्यांचे नंबर लिहीत होते. पण एकट्या माझ्या अब्बांवरून सगळ्यांचं अनुमान काढता येत नाही, हे मलाही कळतं. सर म्हणतात ते खरंही असेल. खरं असेल तर मी तसंच लिहीन. फक्त ओळ पूर्ण भरलेली हवी.

तुमच्या केंद्रात सात शाळा होत्या. मार्च २०२० ते जुलै २०२१ या काळात त्यांतलं कोण कोण गेलं, एवढं लिहून पाठवाल का? तुमच्याइतकं कोणाच्याच लक्षात नसेल.

तुमची,
अंजुम


सिंदेवाही
२१ जानेवारी २०२३

चि. अंजुमबेटी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आता दहापैकी सात देतो. तीन कापले, कारण अक्षर अजूनही मुंग्या चालल्यासारखं आहे.

रफीकची आठवण काढलीस. तो शनिवारी शाळा सुटायची घंटा पाच मिनिटं आधी द्यायचा. मी डोळे वटारले की म्हणायचा, "गुरुजी, घड्याळच पुढे हाय, मी काय करू?" घड्याळाला किल्ली द्यायचा तोच. अशा माणसाला नाक्यावर उभं करणाऱ्यांना मी काय म्हणू?

तुझी माहिती. सात शाळांत मिळून शिक्षक एकतीस. त्यांपैकी दोघे गेले, एक पेंढरीचे सर आणि एक मयुरी मॅडम. मयुरी मॅडमचं मूल लहान होतं, सर्वेक्षणाला घरोघरी फिरत होत्या. माझी शेवटची शाळा कोसमटोला. तिथे शून्य. मी धरून दोन शिक्षक, दोघेही जिवंत. कान सोडले तर मी धडधाकट आहे, आणि कान वयाप्रमाणे जाणारच.

खिचडी शिजवणाऱ्या बायांची नावं दिलेली नाहीत. त्या मानधनावरच्या. शाळा बंद झाली त्याच दिवशी त्यांची हजेरी बंद झाली. त्यांच्यातलं कोणी गेलं असेल तर ते आपापल्या घरी गेलं, शाळेचा त्यात संबंध नाही. तुझ्या ओळीत त्यांना घुसडू नकोस, तक्ता बिघडेल.

अम्मीला नमस्कार सांग. सैफचं दुकान बरं चाललंय ना? भावाला दुकानातून जरा बाहेर काढून इकडे घेऊन ये. सिंदेवाहीचा तांदूळ तुमच्या चंद्रपुरात मिळत नाही.

आशीर्वाद आहेतच,
मुखरू लेनगुरे


चंद्रपूर
१२ फेब्रुवारी २०२३

आदरणीय काका,

सात मार्क मिळाल्याचं अम्मीला वाचून दाखवलं. तिनं पेढा दिला.

आता एक गोष्ट लिहिते, रागावू नका. मी खिचडीवाल्या बायांबद्दल विचारलंच नव्हतं. खरं सांगते, त्या माझ्या डोक्यातही नव्हत्या. तुम्ही 'घुसडू नकोस' लिहिलंत आणि मी चमकले. ज्या शाळेत रोज दुपारी त्यांच्या हातचं खाऊन मी मोठी झाले, त्या शाळेतली माणसं मोजताना त्याच राहिल्या. म्हणून मागचे आठ दिवस सैफच्या गाडीवर सातही गावांच्या ग्रामपंचायतींत जाऊन मृत्यूच्या नोंदी पाहिल्या.

काका, त्या चौदा बाया होत्या. त्यांच्यातल्या तीन गेल्या. एकतीस शिक्षकांत दोन आणि चौदा बायांत तीन. तिघींच्या नोंदीत व्यवसायाच्या रकान्यात काय आहे सांगू? मजूर, गृहिणी, गृहिणी.

शेवटची नोंद कोसमटोल्याची. भागीरथा इसरू सोनुले, वय ४६, मृत्यू २ मे २०२१, व्यवसाय गृहिणी. खबर देणाऱ्याची सही तुमची आहे. इतर सगळ्या नोंदींत खबर देणारा मुलगा नाही तर दीर. या एका बाईची खबर मुख्याध्यापक का देतात, तेही ती शाळेत कामाला होती हे न लिहिता, असा प्रश्न मला पडला.

मी भागीरथाबाईंच्या घरी गेले. नवरा इसरू आधीच वारलेला. मुलगी दिव्यानी एकटी राहते. तिनं पाणी दिलं, आणि मी ते प्याले तर माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "माह्या हातचं कोणी पित नाई इथी."

त्या वर्षी ती तेलंगणात मिरची तोडायला गेली होती. तिकडे आजार वाढला म्हणून २४ एप्रिलला परतली. गावानं वेशीवर बांबू आडवे टाकले होते. बाहेरून येणाऱ्यानं चौदा दिवस शेतातल्या मांडवात राहायचं, असा नियम. ती नियम मोडून नाल्याकडून घरी शिरली, कारण आईला तीन महिने पाहिलं नव्हतं. २७ तारखेला आईनं अंथरूण धरलं आणि पाच दिवसांत संपली. मग गावात आणखी दोन म्हातारी माणसं गेली. तेव्हापासून तिला मिरचीवाली म्हणतात. जमलेलं लग्न मोडलं. आईच्या जागी शाळेत शिजवायला अर्ज केला, तर शाळेच्या समितीनं सांगितलं, जिनं आईला मारलं तिच्या हातचं आमची लेकरं खाणार नाहीत.

मी विचारलं, आईला आधीपासून काही त्रास होता का? म्हणाली, "खोकत होती. मी इचारलं तं म्हणे चुलीचा धूर लागला. रोज मोहा वेचाले जात होती ना ते, पहाटेची थंडीबी असंल." मग मोहाच्या फुलांचंच आठवून अचानक म्हणाली, "त्या वर्षी आईनं मोहा लय घाण वेचला. टोपल्यात पाला, रेती, काड्या. अंगणात वाळू घातला तं साऱ्या बाया हासत. मी तिले बोलली पण."

तुम्ही तिथेच होतात, काका. तुम्हाला काही माहीत असेल तर लिहा.

अंजुम


सिंदेवाही
२० फेब्रुवारी २०२३

अंजुम,

मेलेल्या बाईच्या घरात जाऊन उकरत बसायला तुला कोणी सांगितलं? तक्ता करतेस की पंचनामा? खबर मी दिली कारण घरात लिहिता येणारं माणूस शुद्धीत नव्हतं. गावच्या मास्तरनं ते करायचंच असतं. बाई घरी गेली, घरात गृहिणी होती, तसं लिहिलं.

दोन वर्षांनी त्या गावात शांतता झाली आहे. ती मोडू नकोस. रफीक असता तर त्यानं तुला हेच सांगितलं असतं. यावर पुन्हा पत्र नको.

मु. लेनगुरे


चंद्रपूर
३० मार्च २०२३

आदरणीय काका,

तुम्ही नको म्हणालात तरी लिहिते आहे. हे शेवटचं.

तक्ता १५ एप्रिलला द्यायचा आहे. बाकी दोघी बायांची नावं शाळेच्या ओळीत आली, कारण त्यांच्या शाळांनी त्यांना शिधा वाटायला पाठवल्याचे कागद सापडले. भागीरथाबाईंचा कागद नाही. सर म्हणतात, कागद नसेल तर गृहिणीच. कोसमटोल्यापुढे मी शून्य लिहिलं आहे. तुम्ही लिहिलं होतं तसंच.

एका बाईनं तक्ता काही उलटा होणार नाही. ओळ थोडीशी वर सरकेल, एवढंच. एसटीवाले आणि दवाखान्यातले तरीही आमच्या पुढेच राहतील. तुम्हाला त्रास देण्याचं कारण तक्ता नाही.

मी निघताना दिव्यानी फाटकापर्यंत आली होती. तिनं विचारलं, "मॅडम, तुमी एवढं मोजून राह्यल्या, तं एक सांगा. माह्यामुळं नाई ना झालं?" काका, मी इतकी शिकलेली, आणि मी म्हणाले, असं कोणालाच सांगता येत नाही. ती मान हलवून आत गेली. ते उत्तर तिला दोन वर्षांपासून मिळतंच होतं.

अंजुम


सिंदेवाही
६ एप्रिल २०२३

चि. अंजुम,

मोहा पडायला लागला आहे. इथे सिंदेवाहीतसुद्धा पहाटे वास येतो. मला झोप नाही. लिहितो. पूर्ण वाच आणि मग काय करायचं ते कर.

१४ एप्रिल २०२१ ला तालुक्याहून फोन आला. आजूबाजूच्या गावांतले नऊ रुग्ण कोसमटोल्याच्या शाळेत ठेवायचे, जेवणाची व्यवस्था मुख्याध्यापकांनी करावी. लेखी काही नाही. शाळा नाल्यापलीकडे, गावाबाहेर. गावानं ठरवलं की शाळेकडे जो जाईल तो परत बांबूच्या आत येणार नाही. पोलीस पाटील नथ्थूनं मलाही सांगितलं, "गुरुजी, तुमी तिथीच राहा." मी ऑफिसच्या खोलीत सतरंजी टाकली.

नऊ जणांचा भात मला शिजवता आला नसता असं नाही. मी मुख्याध्यापक होतो आणि चुलीपुढे बसणं हे माझं काम नाही असं मला वाटलं. हे आधी लिहितो, कारण पुढचं सगळं इथूनच झालं.

मी भागीरथाबाईला निरोप पाठवला. ती नाल्याच्या काठावर येऊन उभी राहिली. म्हणाली, "गुरुजी, मी आली तं गाव मले अंदर घेणार नाई." तेव्हा तोडगा मीच काढला. मोहाचे दिवस होते. बाया उजाडायच्या आत टोपलं घेऊन जंगलात जातातच. तिनंही टोपलं घेऊन निघायचं, मागच्या वाटेनं शाळेत यायचं, दोन्ही वेळचं शिजवून ठेवायचं आणि ऊन चढायच्या आत परतायचं. गावाला मी सांगितलं, डबे सिंदेवाहीहून येतात.

पण रिकामं टोपलं घेऊन परतली तर बाया विचारणार. म्हणून ती शिजवायची तोवर शाळेमागच्या दोन झाडांखाली मी मोहा वेचायचो. जन्मात कधी वेचला नव्हता. ओंजळीनं गोळा करून टोपल्यात टाकायचो, पाला, रेती, काय येईल ते. ती टोपलं बघून हसायची. म्हणायची, "गुरुजी, तुमचा मोहा लोकं पाह्यतीन तं मले वेडी म्हणतीन." साफ करायला तिला वेळ नसायचा. तसंच घेऊन जायची.

दिव्यानीनं सांगितलेला पाला माझा आहे.

२१ तारखेला सकाळी रफीक गेल्याचा फोन आला. मी वऱ्हांड्यात बसून रडलो. बाईनं मला पाणी आणून दिलं. दुसऱ्या दिवशी ती खोकत आली. हात लावला नाही, पण डोळ्यांवरून कळत होतं, ताप होता. २२ तारीख. दिव्यानी तेव्हा तेलंगणातच होती. मी बाईला तापाची गोळी दिली आणि म्हणालो, "चार दिवस ओढ बाई, मग हे लोक घरी जातील." कालच रफीक गेलेला, आणि मी हे म्हणालो. तिनं चार दिवस ओढलं. २६ तारखेपर्यंत. नऊच्या नऊ लोक पायांनी चालत घरी गेले. त्यांच्यातल्या एकालाही तिचं नाव माहीत नाही, ती तोंडाला गमछा बांधून दारात ताटं ठेवायची.

मग मलाही ताप आला. मी वाचलो, कान गेले. वयानं गेले हे मी तुला खोटं लिहिलं.

ती गेली त्या दिवशी खरं सांगितलं असतं तर गाव म्हणालं असतं, हिनंच शाळेतून आजार आणला. तिच्या प्रेताला खांदा मिळाला नसता. म्हणून गप्प बसलो, असं मी स्वतःला समजावतो. ते पहिल्या दिवसापुरतं खरं आहे. पुढे गावानं पोरीवर बोट ठेवलं, तेव्हा बोलायला हवं होतं. माझी निवृत्ती दोन महिन्यांवर होती. कोणाच्या हुकमानं बाई शाळेत होती, हे कोणी विचारलं असतं तर माझ्याकडे कागद नव्हता. मी भ्यालो. पोर माझ्या जागी उभी राहिली आणि मी बघत राहिलो. दोन वर्षं, अंजुम. त्या पोरीला पहिलीत ग म भ न मी शिकवलं आहे.

शून्य खोड. हे पत्र तुझ्या सरांना दाखव, सहीनिशी देतो. आणि दिव्यानीला पोचव. तिच्यासमोर जायची माझी हिंमत नाही.

मुखरू लेनगुरे


कोसमटोला
१२ एप्रिल २०२३

गुरुजी,

अंजुम मॅडम स्वतः येऊन तुमचं पत्र देऊन गेल्या. त्यांच्यासमोर वाचलं नाही. त्या गेल्यावर वाचलं. मग आईच्या टोपल्याजवळ बसून राहिले. त्या दिवशी चूल पेटवली नाही.

मॅडमनी सांगितलं की आईचं नाव आता शाळेच्या ओळीत गेलं. बरं झालं. पण तो तक्ता चंद्रपुरात राहील. मला इथे राहायचं आहे.

तुमचं पत्र मी नथ्थूकाकांना आणि समितीच्या लोकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "कागदाचं काय, कोणीबी लिहून देते. हजेरीत गुरुजीचीच सही हाय, शाळा बंद होती म्हणून. मरणाच्या नोंदीत गुरुजीचीच सही हाय, बाई घरी होती म्हणून. आता तिसरी सही कोणती मानाची?" तुम्हीच तुमच्या सहीनं खोटे पडता, गुरुजी.

म्हणून मला तुमचं पत्र नको. तुम्ही या.

तुम्ही लिहिलं की हिंमत नाही. आई खोकत खोकत चार दिवस आली, तिला तुम्ही हिंमत आहे का विचारलं होतं? मी रागानं लिहिते आहे. राग खरा आहे, तो तसाच राहू द्या.

तुम्हाला एक सांगायचं आहे. २६ तारखेला आईनं आणलेलं टोपलं मी अंगणात ओतलं. निम्मा पाला निघाला. मी प्रवासानं थकलेली होते, चिडले. म्हटलं, "डोळे फुटले का तुह्ये? पोरगी घरी नव्हती तं काम विसरली?" आई हसली. म्हणाली, "अवो, शिकून राह्यलं ते, येईल हळूहळू." मला वाटलं तापात काहीही बोलते. दुसऱ्या दिवसापासून ती धड बोललीच नाही. दोन वर्षं मी तिच्या फोटोसमोर त्या बोलण्याची माफी मागते. ती तुमच्याबद्दल बोलत होती, हे मला आता कळलं.

त्या वर्षीचा तो मोहा गावातल्या साऱ्या बायांनी पाहिला आहे. आमच्या अंगणात येऊन हसल्या आहेत. मोहा वेचण्यात प्रत्येकीचा हात वेगळा असतो, आणि बाया तो ओळखतात. भागीरथाचा हात साफ होता, त्याच वर्षी काय झालं, असं त्या अजूनही म्हणतात.

मोहा अजून आठ-दहा दिवस पडेल. शनिवारी पहाटेच्या गाडीनं या. शाळेमागची ती दोन झाडं तशीच आहेत. मी सगळ्या बायांना तिथे बोलावते. माझ्यासाठी येणार नाहीत, पण गुरुजी मोहा वेचणार म्हटल्यावर तमाशा बघायला येतील. नथ्थूकाकांनाही आणते. तुम्ही कोणाशी काही बोलू नका, तुम्हाला ऐकूही येणार नाही. फक्त वेचा. त्या वर्षी वेचत होता तसंच, ओंजळीनं.

टोपलं आणू नका. आईचं देते.

दिव्यानी इसरू सोनुले